नऊ पूर्णांक सहा घरं

माणसाला नुसतं सांगून काही होत नाही, हे सांगण्यासाठी आमच्या कंपनीने तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, आणि त्यासाठी बाहेरून एक माणूस बोलावला होता. तो तीन दिवस सांगत होता.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. दावे मंजूर करणारे वेगळे, नामंजूर करणारे वेगळे. मी दाव्यांचे अर्ज तयार करतो. म्हणजे 'येथे सही करा' ही फुली कुठे मारायची, हे गेली चोवीस वर्षं मी ठरवतो आहे. घरच्यांना यात काही विशेष वाटत नाही. पण ती फुली दोन बोटं वर गेली, तर चार जिल्ह्यांतली माणसं चुकीच्या जागी सही करतील. असो. आपल्या कामाचं मोल आपणच सांगत बसू नये.

तर त्या प्रशिक्षकाचं म्हणणं असं, की लोकांना उपदेश करू नका, नुसतं हळूच कोपराने ढकला. चांगली वस्तू हाताशी ठेवा, वाईट वस्तू माळ्यावर टाका. शेजारीपाजारी काय करतात ते सांगा, म्हणजे माणूस आपोआप तसं वागतो. आणि सगळ्यांत जालीम उपाय म्हणजे अर्जात आधीच खूण करून ठेवा. ती खोडायचे कष्ट कोणी घेत नाही. चाळीस श्रोत्यांपैकी या वाक्याच्या वेळी जागा असलेला मी एकटाच होतो. अर्ज कोणी वाचत नाही हे मला शिकवायची गरज नव्हती. पण त्या न वाचण्याचा काही सदुपयोग होऊ शकतो, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

कंपनीला हे ज्ञान ग्राहकांवर वापरायचं होतं. मी ते घरी नेलं.

आमच्या घरात सिंकखाली एक कपाट आहे. त्यात निळ्या साबणाच्या प्लास्टिकच्या बाटल्या, प्लास्टिकच्या घासण्या, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि हात पुसायचे कागदाचे रोल असा ऐवज असतो. दातांच्या डॉक्टरांकडे खुर्ची रिकामी होण्याची वाट बघताना मी या विषयावरचा एक लेख वाचला होता, आणि तेव्हापासून गेली तीन वर्षं त्या कपाटावर माझी व्याख्यानं चालू होती. मी बोलायला लागलो की बायको नळ मोठा सोडायची. मी पाण्याच्या नासाडीवर बोलायला लागलो की मिक्सर लावायची.

इथे माझ्या एका वाक्याची माहिती द्यायला हवी. ते वाक्य म्हणजे 'मी सांगत होतो.' दूध उतू गेलं, मी सांगत होतो. छत्री विसरली, मी सांगत होतो. शेजारच्या गल्लीत पाइप फुटला, तरी मी सांगत होतोच. खरं सांगायचं तर यातलं निम्मं मी कधीच सांगितलेलं नसायचं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या सह्यांची जागा ठरवून दमलेल्या माणसाला घरी आल्यावर एवढं वाक्य तरी हक्काचं असावं, असं मला वाटे. बायकोला या वाक्याची शिसारी होती.

प्रशिक्षणाहून आलो त्या संध्याकाळी बरोबर सहा वाजता मी जाहीर केलं, "एक महिना. या घरात सल्ला नाही, सूचना नाही, टोमणा नाही. एक शब्द न बोलता हे कपाट बदलून दाखवतो."

बायकोने नळ बंद केला. "एक शब्द नाही?"

"नाही."

"कशावरच नाही? गॅस बारीक कर, दार ओढून घे, हॉलमध्ये कोणी नाही तर पंखा कशाला फिरतोय, यातलं काही नाही?"

पंख्याचं नाव निघाल्यावर मी जरा डळमळलो. आमच्या हॉलमधला पंखा हा माझ्या संसारातला जुना सल आहे. पण शब्द गेला होता. "काहीच नाही," मी म्हणालो.

"आणि कपाट नाही बदललं तर?"

"तर 'मी सांगत होतो' हे वाक्य मी जन्मात पुन्हा म्हणणार नाही. पण बदललं, तर तू चारचौघांत म्हणायचं, 'हे सांगत होते.'"

"बाबा, एक मिनिट," आमची कन्या खोलीतून धावत आली. ती कॉलेजात आहे आणि एरवी जेवायला तीन हाका मारल्याशिवाय येत नाही. "पुन्हा बोल. रेकॉर्ड करते."

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. निळ्या बाटल्या माळ्यावर गेल्या. नळाशेजारी काथ्याची घासणी आणि साबणाची वडी आली. कागदाच्या रोलच्या जागी सुती फडकी लटकली. शिवाय मी हिरव्या कागदाची पावलं कापली आणि जेवणाच्या टेबलापासून बाल्कनीतल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीपर्यंत जमिनीवर चिकटवली. माणूस पावलांमागून आपोआप जातो, असं प्रशिक्षक म्हणाला होता. कपाट उघडून बघायचं मात्र नाही, असं मी स्वतःला बजावलं. निकालाआधी पेपर फोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ताट उचललं. हॉलमध्ये पंखा गरगरत होता, हॉल रिकामा होता, आणि मला बोलता येत नव्हतं. त्याच तंद्रीत मी पावलांमागून चालत गेलो आणि भानावर आलो तेव्हा सिंकपाशी उभा होतो. माझी तीन ताटं घासून झाली होती. कोणीतरी पावलं उचलून त्यांची वाट बदलली होती. नळसुद्धा आधीच सोडून ठेवलेला होता.

मी बायकोकडे बघितलं. ती पेपर वाचत होती. तक्रार करावी तर तो टोमणा ठरला असता. मी कन्येकडे बघितलं.

"पावलं तर तूच कापलीस ना बाबा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून संध्याकाळची भांडी माझ्याकडे आली. आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. काथ्याने भांडी घासणं या विषयावर तीन वर्षं व्याख्यानं देणं वेगळं आणि काथ्याने भांडी घासणं वेगळं. वडी हातातून सटकते, फेस येईपर्यंत माणसाची उमर जाते, आणि दुधाच्या पातेल्याचं करपलेलं बूड तर काथ्याला मुळी भीकच घालत नाही. चौथ्या दिवशी मी माळ्यावरून एक निळी बाटली खाली काढली. केवळ तुलनेसाठी. कुठल्याही प्रयोगात तुलना लागतेच. ती मी सिंकवरच्या खिडकीत, कुंडीच्या मागे ठेवली. हात वर केला की बरोबर हातात यावी अशी.

घरची आघाडी अशी भक्कम झाल्यावर मी इमारतीकडे वळलो. आमच्या इमारतीत बारा घरं आहेत. खाली किराणा दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आणि शिकवणीच्या बाई, दुसऱ्यावर आम्ही आणि समोर सचिव. सचिव हे निवृत्त ऑडिटर आहेत. शर्टाच्या खिशाला कायम लाल पेन असतं म्हणून सगळी इमारत त्यांना लालपेन म्हणते, आणि हे त्यांना माहीत असावं, कारण वर्गणीच्या पावतीवर ते लाल शाईनेच सही करतात.

मी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लावली: 'आपल्या इमारतीतील ८० टक्के घरांनी पर्यावरणपूरक वस्तूंचा स्वीकार केला आहे. आपण?' ऐंशी हा आकडा प्रशिक्षकाच्या उदाहरणात होता. मला तो बरा वाटला. त्यात अतिरेकही नाही आणि थोडी जागाही आहे.

सकाळी सात वाजता लालपेन दारात.

"बारा घरं," ते म्हणाले. "ऐंशी टक्के. म्हणजे नऊ पूर्णांक सहा घरं झाली."

"अंदाजे आहे हो ते."

"अंदाजे ऐंशी टक्के येत नाही. अंदाजे 'बरीच' येतं." त्यांनी पेन काढलं. "नऊ घरं कोणती हे मी विचारत नाही. ती असतील. मला एवढंच सांगा, हे पॉइंट सहा घर कोणाचं?"

मी दात घासत होतो. अशा अवस्थेत माणूस काहीही बोलतो. "एका घरात काम चालू आहे," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं. खाली जाऊन त्यांनी माझ्या सूचनेखाली लाल शाईत लिहिलं, '९ घरे पूर्ण. ०.६ घर: काम चालू. पडताळणी बाकी.' आणि सवयीने त्याची एक प्रत माहितीसाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पाठवून दिली. ही प्रत पुढे माझ्या उरावर बसली.

पण परिणाम बघा. संध्याकाळी डॉक्टर जिन्यात भेटले आणि आपणहून म्हणाले, "आम्ही पहिल्यापासूनच त्या नऊमध्ये आहोत बरं का." शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "आम्ही नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे." दोन दिवसांत मला इमारतीत चौदा घरं सापडली. ते पॉइंट सहा घर मात्र समोरच्यांचं असणार, याबद्दल प्रत्येक मजल्यावर खात्री होती.

लोक तयार आहेत म्हटल्यावर सल्ल्यांनाही ऊत आला. डॉक्टर म्हणाले, आधी फुकट वाटा, दुखत नाही असं कळलं की लोक परत येतात. बाई म्हणाल्या, जे करणार नाहीत त्यांची नावं फळ्यावर लिहा. दुकानदार म्हणाला, "साहेब, मी आणून ठेवीन, पण कोणी घेणार नाही."

"घेणार नाही असं लिहून द्यावं लागेल त्यांना," मी म्हणालो. आणि मी माझा अर्ज काढला.

तो अर्ज माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम होता असं मी नम्रपणे म्हणेन. काथ्याच्या घासण्या दोन, साबणाच्या वड्या चार, सुती फडकी सहा, लादी पुसायच्या व्हिनेगरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन एक, असा संच. प्रत्येकापुढे आधीच बरोबरची खूण. खाली कलम सात: 'नको असल्यास सबळ कारण नमूद करून, दोन प्रतींत, सचिवांच्या सहीने कळवावे.' संच दर सोमवारी घरपोच. दर सोमवारी का, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मी ऑफिसातला एक जुना हजेरीचा अर्ज घेऊन त्याच्यावर हा बेतला होता, आणि त्यात 'दर सोमवारी' होतं.

बाराच्या बारा घरांनी फुलीवर सह्या केल्या. डॉक्टरांनी तर एका पेशंटच्या तोंडात आरसा धरून डाव्या हाताने केली. चोवीस वर्षांत माझा अर्ज वाचणारी एकच व्यक्ती मला भेटली, आणि ती माझी बायको निघाली. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"दर सोमवारी?" तिने विचारलं.

उत्तर दिलं की चर्चा होते, चर्चा झाली की सल्ला होतो. मी तोंड मिटून अभिमानाने मान हलवली. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सही केली.

पहिल्या सोमवारी दुकानदाराचा मेहुणा बारा संच वाटून गेला. इमारतीत उत्साहाचं वातावरण होतं. दुसऱ्या सोमवारी तो पुन्हा आला तेव्हा लोकांनी दारं जरा उशिरा उघडली. काथ्याची घासणी, तुम्हाला म्हणून सांगतो, रोज वापरली तरी तीन महिने मरत नाही. त्यातून न वापरता ठेवली तर ती अमर आहे. आणि लादी पुसायला पाच लिटर व्हिनेगरचं पाणी संपवायचं तर आठवडाभर दुसरं काही करता येणार नाही.

तिसऱ्या सोमवारपर्यंत इमारत व्हिनेगरच्या वासात मुरली होती. शिकवणीच्या बाईंनी पहिल्या येणाऱ्या मुलाला घासणी बक्षीस द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांच्याकडे मुलांनी पहिलं यायचं सोडून दिलं. डॉक्टर दात काढल्यावर पेशंटला गोळ्यांबरोबर वडी द्यायला लागले. ज्यांना कोणी विद्यार्थी किंवा पेशंट नव्हते त्यांनी आपले कॅन आणून माझ्या दारापाशी ठेवले. सकाळी ऑफिसला जाताना मला एकवीस कॅनमधून आडवं होऊन वाट काढावी लागे. बायकोने त्यावर चकार शब्द काढला नाही. ती इतकी प्रसन्न दिसत होती, की पैज मी हरलोय याबद्दल मला शंका उरली नाही.

आणि तरीही कोणी अर्ज खोडेना. कसा खोडणार? खोडायचं तर कारण लिहायचं, आणि कारण लिहिलं की आपण त्या नऊ घरांतले नाही हे लाल शाईत कायमचं नोंदलं जाणार. त्यापेक्षा लोकांनी कॅन पलंगाखाली घातले. निळा साबण मात्र सगळे वापरतच होते. एकदा मी दुकानात उभा असताना एक सभ्य गृहस्थ आले, त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "ते आहे का?" दुकानदाराने मान न उचलता सांगितलं, "मागच्या दाराने या." पेपरमध्ये गुंडाळलेली बाटली कोटाच्या आत घालून ते गृहस्थ निघाले तेव्हा मी ओळखलं. डॉक्टर होते.

मी दुकानदाराला म्हणालो, "बाबा रे, थांबव आता हे."

"कलम सात, साहेब," तो म्हणाला. "तुम्हीच घातलंय."

मी लालपेनांकडे गेलो. ते खूश झाले. "विहित नमुन्यात अर्ज करा. कारण काय लिहिताय?"

"वस्तू टिकाऊ असल्याने संपत नाहीत."

"वापरूनही संपत नाहीत, की कोणी वापरतच नाही म्हणून संपत नाहीत? तसं स्पष्ट लिहा."

मी अर्ज परत खिशात घातला. माझ्या अर्जांमुळे चार जिल्ह्यांतली माणसं रोज काय भोगत असतील, हा विचार त्या जिन्यात मला पहिल्यांदा शिवला, आणि तो फारसा सुखाचा नव्हता.

वर उरलीसुरली कसर पालिकेच्या पत्राने भरून काढली. लालपेनांनी पाठवलेली प्रत तिथे कोणीतरी वाचली होती. (कोण म्हणतं सरकारी ऑफिसात वाचत नाहीत?) 'आदर्श इमारत' योजनेसाठी आमची निवड झाली होती. तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता निरीक्षक येऊन स्वयंपाकघरांची प्रत्यक्ष पाहणी करणार होते. माहिती खोटी आढळल्यास योग्य ती कारवाई. त्याच दिवशी सहा वाजता माझी पैज संपत होती. म्हणजे पाच वाजता इमारतीत अब्रू जाणार आणि सहा वाजता घरात. मधला तासभर मी काय करावं, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं.

तीस तारखेला निरीक्षक बाई आल्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, काखेत फाइल. कॅनच्या रांगेपाशी थांबून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि लगेच तो घेतल्याचा पश्चात्ताप केला. "सुरुवात आयोजकांच्या घरापासून करू," त्या म्हणाल्या. आपल्या घरी आधी येत नाहीत हे कळल्यावर अख्खी इमारत आनंदाने माझ्या स्वयंपाकघराच्या दारात जमली.

बाईंनी कपाट उघडलं. मी डोळे मिटले.

"अरे वा," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. कपाटात निळी बाटली नव्हती, प्लास्टिकची घासणी नव्हती, काळ्या पिशव्या नव्हत्या. बाईंनी आतून एक काथ्याची घासणी बाहेर काढली. एका बाजूने झिजून ती चपटी झाली होती. साबणाची वडी काढली. जुन्या वडीची उरलेली पातळ चकती नव्या वडीच्या पाठीला नीट चिकटवलेली होती.

"मी इतकी घरं बघते," बाई म्हणाल्या, "सगळीकडे कोऱ्या करकरीत वस्तू मांडून ठेवलेल्या असतात. वापरून झिजलेलं मी पहिल्यांदा बघतेय."

मी बायकोकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत कुठेतरी भलतीकडे बघत होती. मी जिंकलो होतो! एक शब्द न बोलता जिंकलो होतो. 'मी सांगत होतो' हे वाक्य घशातून निघून जिभेच्या टोकावर येऊन बसलं. सहा वाजायला वीस मिनिटं होती, म्हणून मी ते तसंच धरून ठेवलं.

"तुम्ही स्वतः करता का?" बाईंनी मला विचारलं.

"रोज संध्याकाळी," मी ताठ होत म्हणालो.

"दाखवा बरं. अहवालात लिहीन."

बायकोने चहाचं पातेलं पुढे केलं. मी बाह्या सरसावल्या, नळ सोडला, डाव्या हातात पातेलं धरलं. दारातून दहाबारा जण माना उंचावून बघत होते. मी बाईंना सांगत होतो, की मूळ प्रश्न सवयीचा आहे, सवय एकदा हाताला लागली की मेंदूला विचारावं लागत नाही. आणि हे सांगतानाच माझा उजवा हात वर गेला, कुंडीच्या मागे शिरला, निळी बाटली घेऊन खाली आला आणि त्याने पातेल्यात एक लांबलचक पिचकारी मारली.

पातेल्यात निळा फेस चढत गेला. फेस मात्र सुरेख आला होता.

"कुंडीच्या मागे?" दारातून डॉक्टर म्हणाले. "आम्ही गिझरच्या वर ठेवतो."

"डाळीच्या डब्यात," शिकवणीच्या बाई म्हणाल्या. मग कोणी म्हणालं बुटांच्या खोक्यात, कोणी म्हणालं पेटीच्या मागे, आणि पुढचं हसण्यात ऐकू आलं नाही.

निरीक्षक बाईंनी चष्मा काढला. "बाकीच्या अकरा घरांची पाहणी करू का मी?"

अकरा घरं छताकडे बघायला लागली.

"थांबा," मागून आवाज आला. गर्दीतून वाट काढत लालपेन पुढे आले. त्यांचे डोळे चमकत होते. "वहिनी, या घरात भांडी दिवसातून किती वेळा घासली जातात?"

"तीनदा," बायको म्हणाली. "सकाळची आणि दुपारची मी. संध्याकाळची हे."

"तुम्ही काथ्याने, हे निळ्याने. तीनातले दोन." त्यांनी तळहातावरच आकडे मांडले. "पॉइंट सहा, सहा, सहा. पुढचे सहा सोडून देऊ." त्यांचा आवाज भरून आला. "महिनाभर मी हे घर शोधतोय. बाई, लिहून घ्या. नऊ घरं खोटी होती. पॉइंट सहा घर खरं आहे."

बाईंनी लिहून घेतलं. प्रमाणपत्र काही मिळालं नाही. शेरा मिळाला: 'बारापैकी ०.६. प्रगती आहे.' शिवाय दर सोमवारचा संच बंद करून आहे तो माल आधी संपवावा, असा लेखी आदेशही त्यांनी दिला आणि दोन प्रतींत दिला, त्यामुळे कलम सात निकालात निघालं. त्या निघाल्या तशी मंडळीही पांगायला लागली.

"जरा थांबा सगळे," बायको म्हणाली. मंडळी थांबली. "आमची पैज लागली होती. कपाट बदललंय, म्हणजे मी हरले. तर चारचौघांत सांगते." तिने माझ्याकडे हात केला. मी कोपरापर्यंत निळ्या फेसात उभा होतो. "हे सांगत होते."

इतका हशा मी आमच्या इमारतीत कधी ऐकला नव्हता. तीन वर्षं ज्या वाक्यासाठी झुरलो ते असं माझ्या पदरात पडलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. लोक गेल्यावर मी हात धुतले आणि खुर्चीत बसलो. बायकोने चहा आणून ठेवला. घड्याळात सहा वाजून गेले होते.

"आता बोलू शकता," ती म्हणाली.

"तुला पटलं कशाने?" मी विचारलं. "पावलांनी? फळ्यावरच्या सूचनेने? की हाताशी ठेवलं म्हणून?"

"छे हो."

"मग?"

तिने समोरची खुर्ची ओढली. "तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, घरात फार शांत वाटतंय. मी पोळपाट ठेवला, कोणी काही म्हणालं नाही. दार वाजलं, कोणी काही म्हणालं नाही. बावीस वर्षांत असा महिना गेला नव्हता. मग मी विचार केला. कपाट नाही बदललं तर तुमचं ते एक वाक्य बंद होईल, पण बाकीची सगळी परत सुरू होतील. बदललं, तर निदान तुम्हाला वाटेल की गप्प राहूनही जमतं." ती चहाचा घोट घेऊन म्हणाली, "त्यासाठी मी विटेने भांडी घासली असती."

बोलण्यासारखं बरंच होतं. प्रशिक्षक तीन दिवस जे सांगत होता ते हिने एका महिन्यात करून दाखवलं होतं, आणि ज्याला ढकललं त्याला पत्ताही लागला नव्हता. मला राग यायला हवा होता. पण बावीस वर्षांत ही एवढं सलग पहिल्यांदाच बोलली होती, की आधी बोलायची आणि मला ऐकू येत नव्हतं, हे मला आठवेना.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. पंखा पाचवर फिरत होता. बायकोने तो ऐकला, मीही ऐकला. मी कप खाली ठेवला, उठलो, हॉलमध्ये गेलो आणि पंखा बंद केला.

"काही म्हणालात?" स्वयंपाकघरातून तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि संध्याकाळची भांडी घासायला काथ्या घेतला.